एकही तक्रार नाही

धाकट्या दिराने दुकानाची वेबसाइट वेबसाइट आणि मेल सांभाळणाऱ्या जुन्या होस्टिंग कंपनीकडून नव्या कंपनीकडे नेली, आणि घरात असा थाट झाला की जणू त्याने डोंगरच उचलून आणला. साइट आता झटकन उघडते, असं तो येता-जाता सांगायचा. कुणासाठी उघडते, हे विचारायची सोय नव्हती. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे थोरल्या सुनेने लग्न होऊन आली त्याच वर्षी ओळखलं होतं.

दुकान बुटांचं, पण साध्या बुटांचं नव्हे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं वाकडी, बाजारातला कुठलाच जोड ज्यांना होत नाही अशांचे बूट सासरे शिवत आणि नवरा मापं घेई. थोरलीकडे तक्रारी. लोक दुकानाच्या ईमेलवर लिहीत, टाच घासते, शिवण टोचते. ती उलट विचारी, सकाळी टोचतं की संध्याकाळी, मोजा घालून की बिनमोज्याचं. उत्तरावरून बूट परत मागवायचा की नुसती आतली गादी बदलायची, ते ठरवी. दिराच्या मते ही रिकामी उठाठेव होती. सासऱ्यांना तर प्रत्येक तक्रार म्हणजे आपल्या हाताला दिलेली शिवी वाटे.

साइट हलवल्यावर दिराने मेलचीही परीक्षा घेतली, तीही सगळ्यांना गोळा करून. दुकानाच्याच संगणकावरून त्याने दुकानाच्याच पत्त्यावर एक ओळ धाडली. ती लगेच आली. आपणच हाक मारायची, आपणच ओ द्यायची आणि वर शाबासकी घ्यायची. सासऱ्यांनी मान डोलावली. थोरली मनातल्या मनात हसली आणि कामाला लागली.

त्यानंतर तक्रारी थांबल्या. ऑर्डरी फोनवर येत होत्या, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. सुरुवातीला थोरलीला चुकल्याचुकल्यासारखं झालं, मग बरं वाटू लागलं. दुपारी खुर्चीतच डोळा लागे. अधूनमधून एक नर्स तेवढी आठवायची. तिचा डावा पाय आखूड होता आणि नोकरी दिवसभर उभं राहायची. नवा जोड देताना थोरलीने तिला सांगितलं होतं, टोचलं तर लिहा, मी आहे. तिचं काही आलं नव्हतं, म्हणजे बूट बसला असणार. थोरलीने तो विषय मनातून काढून टाकला.

सुट्टीच्या दिवशी सगळे दुकानामागच्या खोलीत एकत्र जेवत. तिथे दिराने घसा खाकरला. साइट नवी झाल्यापासून एकही तक्रार नाही, तेव्हा तक्रारीच्या टेबलाची गरज काय, असा त्याचा सवाल होता. तिथे मोठा स्क्रीन लावू, वहिनींनी आता घरी आराम करावा. साइट चांगली असली की गिऱ्हाइकाचं समाधान होतं, असंही त्याने ऐकवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. साइट पायात घालून कोण चालतं? सासऱ्यांनी मात्र समाधानाने पाणी प्यायलं. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं, तर तो ताटात काहीतरी शोधत होता. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. एवढी वर्षं लोकांच्या टाचा तळहातावरच्या रेषांसारख्या पाठ केल्या, त्या काय घरी बसायला?

तेवढ्यात दुकानाची घंटा वाजली. थोरलीने जाऊन दार उघडलं. दारात ती नर्स उभी होती, पायात सपाता, काखेत बुटांचा खोका. तिने दुकानाच्या ईमेलवर लिहिलेली सगळी पत्रं परत आली होती. असा पत्ताच नाही, असं उत्तर यायचं.

थोरली मागे वळली. "भाऊजी, तुमच्या स्वतःच्या मेलवरून दुकानाला एक ओळ पाठवा. आत्ता, माझ्यासमोर."

दिराने पाठवली. ती बूमरँगसारखी त्याच्याच फोनवर परत आली. साइटची पानं नव्या कंपनीकडे नेली, मेलच्या पेट्या मात्र जुन्या कंपनीकडेच राहिल्या होत्या. दुकानाचा संगणक अजून जुन्याच कंपनीला जोडलेला होता, म्हणून घरचं पत्र घरात पोचत होतं; बाहेरचं मात्र नव्या कंपनीकडे जाई आणि तिथे पेटीच नसल्याने दारातूनच परत जात होतं.

"पण साइट तर नीट चालतेय ना," दीर म्हणाला.

सासरे हात पुसत म्हणाले, "मग राहू दे की असंच. किती शांत वाटत होतं."

नर्सने ते ऐकलं. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने नर्सला खुर्चीत बसवलं, समोर जमिनीवर बसून तिचा डावा पाय मांडीवर घेतला. टाचेचं कातडं सोललेलं होतं, बाजूने जुनी खपली आणि तिच्यावर नवी जखम.

"फोन तरी करायचा, ताई."

"करणार होते," नर्स म्हणाली. "मग वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला असेल. म्हणून पत्ता बंद केलात."

सासऱ्यांवर, दिरावर, कुणावरही ढकलता आलं असतं. दुपारच्या त्या झोपा थोरलीला आठवल्या. आत कुणीतरी पुन्हा जेवायला लागल्याचा आवाज येत होता.

"कंटाळा नव्हता आला," ती पाय न सोडता म्हणाली. "आम्हाला बरं वाटत होतं. मलासुद्धा."

मग तिने खोका उघडला, डाव्या बुटात हात घातला आणि टोचणारी शिवण शोधू लागली.