राणीचं मरण आणि सरकारी अनुदान

सरकारचं नवीन धोरण निघालं. नाटकमंडळी चालवणारा आणि नाटकात काम करणारा माणूस एकच नको म्हणे. कारभार करायचा तर खुर्चीत बसा, काम करायचं तर रंगमंचावर उभे राहा. दोन्ही करणाऱ्याच्या मंडळीला अनुदान बंद. आता आमच्याकडे सासरे गेल्यापासून तिकिटं फाडते मी, पडदे धुवून घेते मी, नटांवर ओरडते मी, आणि शेवटच्या अंकात म्हातारी राणी होऊन मरतेही मीच. माझे दोन तुकडे करायची कोणाची छाती होती?

पण थिएटरचं छप्पर गळायला लागलं होतं. अनुदानाशिवाय ते पुढचा पावसाळा काढणार नव्हतं.

"व्यवस्थापक म्हणून तुझ्या बायकोचं नाव घाल," मी मुलाला म्हटलं. "नुसतं कागदावर. कारभार माझाच."

मुलगा गालातल्या गालात हसला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

सूनबाईने सही केली आणि दुसऱ्या दिवशी खरोखरची व्यवस्थापक होऊन तालमीला हजर! उशीर केला म्हणून राजाला, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याला, दाराबाहेर उभं केलं. मला मनातून बरं वाटलं. मग ती माझ्याकडे वळली.

"आई, राणी मरायला पाव तास घेते."

"राणी आहे ती! डास आहे का, टाळी वाजली की मेली?"

"लोकांची शेवटची बस चुकते."

"चुकू दे. रडत रडत चालत जातात, मी पाहिलंय."

"तीन वाक्यं बोलायची आणि मरायचं. व्यवस्थापकांचा निर्णय आहे."

मी तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी असती तर तिने माहेर गाठलं असतं. ही पाणी प्यायला गेली. पुढच्या प्रत्येक प्रयोगात मी पाव तासच मेले.

मग तपासणीला साहेब आले. काडीसारखे बारीक, पण नजर सुईची. सूनबाईला म्हणाले, "अशा कागदी सुना मी गावोगाव पाहिल्यात. तुम्ही दिलेला आणि सासूबाईंनी पाळलेला एक तरी हुकूम सांगा."

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "राणीचं मरण मी तीन वाक्यांवर आणलंय."

"वा! आजच्या प्रयोगात बघतो. त्यावरच शेरा देईन."

मी तिला विंगेत गाठलं. "माझं नाक कापायला निघालीस?"

"नाकही तुमचं, छप्परही तुमचं. काय वाचवायचं ते ठरवा."

शेवटचा अंक आला. मी पलंगावर पडून पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं. तिसरं म्हटलं, आणि पुढचं सगळं भाषण घशाशी आलं. लेकराला हाक मारायची ती जागा, सगळे नाक ओढायला लागतात ती जागा. विंगेत सूनबाई हाताची घडी घालून उभी. विनवणी नाही, खूण नाही. मी ते भाषण कडू औषधासारखं गिळलं आणि मान टाकली.

राजा बिचारा अजून रडायच्या तयारीतच नव्हता. पहिल्या रांगेतली शिंपीण ओरडली, "अगं बाई, गेलीसुद्धा? मी रुमालही काढला नाही अजून!"

झालं! मागून सुरू झालं, "वन्स मोअर! वन्स मोअर!" खुर्च्या बडवायला लागले लोक. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते मिळालं, तेही मेल्यावर. मी हळूच एक डोळा उघडून विंगेकडे पाहिलं. सूनबाईने मान हलवली. नाही.

मी डोळा मिटला. पडदा पडला.

साहेब आत आले. "मंजूर," असं सूनबाईला सांगून निघाले, आणि दारातून परत फिरून माझ्याजवळ आले. आवाज अगदी खाली आणला.

"आजी, लोक म्हणतात तुमचं खरं मरण पाव तासाचं आहे. ते कधी बघायला मिळेल? सुट्टीच्या दिवशी येईन, तिकीट काढून."

"मला काय विचारता?" मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. "व्यवस्थापकांना विचारा."

सूनबाई पलीकडे पडद्याची दोरी बांधत होती. तिने वळून पाहिलं नाही, पण कान लालबुंद झाले होते तिचे.