कामठी रोडवरचं बाळंतपण

दीप्तीनं तो ऑटो खास मांजरासाठी ठरवला होता. बिट्टीचा डावा डोळा तीन दिवसांपासून चिकटून बसला होता. कन्हानहून नागपूरच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत तिला गर्दीचे धक्के नकोत, म्हणून टोपली मांडीवर घेऊन दीप्ती एकटीच मागं बसली होती.

पुलाच्या अलीकडे एक म्हातारी रस्त्यात आडवीच आली. कडेला पोत्यावर तिची बकरी पडली होती.

"थांब गा बाप्पा! सकाळपासून अडली आहे माही राणी. इथला डाक्टर रजेवर, अन् ऑटोवाले कोणी घेऊन नाही राहिले."

ऑटोवाल्या सुशीलनं आरशातून मागं पाहिलं. "ताई, तुम्ही म्हणाल तसं."

दीप्तीला 'हो' म्हणायचं नव्हतं. बकरीचा वास आला की बिट्टी टोपली डोक्यावर घेणार. पण बकरी ओरडतही नव्हती, तिचं ओरडणं केव्हाच संपलं होतं. दीप्ती सरकून बसली.

"कांताबाई म्हणतात मले," म्हातारीनं बकरीचं डोकं मांडीवर घेत सांगितलं. बिट्टी फिसकारत राहिली, ती राहिलीच.

कामठी मागं पडली आणि बकरीनं चारही पाय ताणले. कांताबाईनं वाकून पाहिलं.

"एकच पाय बाहेर आला. मुंडी मागं वळली असन. दवाखान्यापर्यंत नाही टिकत हे, पोरी." तिनं आपले हात पुढं केले. सांधे सुजलेले, बोटं वाकडी. "पहिले मीच काढत होती. आता मूठही वळत नाही. तुहा हात लहान आहे."

"मी? नाही जमणार मले, मावशी!"

"मी सांगते ना. बांगड्या काढ."

सुशीलनं कडुनिंबाखाली ऑटो लावला आणि पानठेल्यावरून पाणी न् साबण आणला. दीप्तीनं बांगड्या, अंगठी पर्समध्ये टाकली, टोपली त्याच्या हातात दिली आणि कोपरापर्यंत साबण चोळला.

आत इतकी ऊब असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"पाय हळूच मागं ढकल. आता नाक लागते का ते पाह्य."

"लागलं... मावशी, नाकच आहे!"

"त्याले धरून समोर वळव. ती जोर देईन तेव्हाच ओढ. घाई नको करू वं."

दीप्तीचे डोळे मिटलेले होते. बकरीच्या प्रत्येक कळेबरोबर तिचं मनगट आवळलं जाई, आणि ती श्वास रोखून वाट पाही. मग एकदम डोकं वळलं, आणि काळंभोर करडू तिच्या हातात सरकून आलं. कांताबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, नाकात फुंकर घातली, पोत्यानं चोळचोळ चोळलं. ते हललं नाही.

"माझ्यामुळं झालं," दीप्तीला रडू फुटलं. "उशीर केला मी. आधीच हात घालायले पाहिजे होता."

"चूप. ते पहिलेच गेलं होतं. वाट अडवून बसलं होतं बिचारं." कांताबाईनं त्याला पोत्याच्या कोपऱ्यात गुंडाळलं.

तेवढ्यात राणीनं पुन्हा जोर दिला. दुसरं करडू कोणाच्या मदतीशिवाय आलं, शिंकलं आणि पहिल्याच दमात असं किंचाळलं की पानठेल्यावरची माणसं हसली. राणी मान वळवून त्याला चाटू लागली.

"ताई," सुशील टोपली छातीशी धरून कळवळला, "तुमच्या मांजरीनं ओरबाडलं न् मले!" झाकणातून पंजा बाहेर काढून बिट्टीनं त्याचा हात रक्ताळला होता. दीप्ती रडता रडता हसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी राणीला तपासून सलाईन लावलं. सुशीलला सुई टोचून घ्यायला माणसांच्या दवाखान्यात पाठवलं. मग त्यांनी दीप्तीच्या माखलेल्या कुर्त्याकडे पाहून विचारलं, "तुमचं काय?"

"डोळा," दीप्तीनं टोपली टेबलावर ठेवली. बिट्टी आता निमूट होती.

बिट्टीच्या डोळ्यात औषध घालून घेऊन दीप्ती बाहेर आली तेव्हा कांताबाई करडाला आचळाशी लावत होती. तिला ते जमत नव्हतं, बोटं घसरत होती. दीप्तीनं टोपली बाकावर ठेवली, खाली बसली आणि करडाचं तोंड धरून आचळाकडे नेलं.