टोक नसलेला गळ

मी एक जुना गळ आहे, मित्रांनो, आणि मला टोक नाही. हसू नका. बल्कली नदीकाठच्या एका घरात, खिडकीपाशी मला दोऱ्याने टांगून ठेवले आहे.

दुकानातून आलो तेव्हा माझे टोक चांगले तीक्ष्ण होते आणि त्यामागे एक बारीक उलटा काटा होता. आमच्या नदीत रानटी स्टीलहेड मासा धरायचा आणि लगेच सोडायचा, असा नियम आहे. म्हणून गळावर दोरा गुंडाळण्याआधी तो काटा पकडीने दाबून सपाट करतात. या घरात ते काम कायम व्हीबेआजोबांचे. पण त्या वर्षी त्यांचे हात थरथरू लागले, म्हणून माशाला भुलवणारी खोटी माशी बांधायला त्यांची लेक हिल्का बसली.

तिने मला टेबलावरच्या छोट्या शेगड्यात, म्हणजे गळ आवळून धरणाऱ्या चिमट्यात, घट्ट बसवले. माझ्या डोळ्यापर्यंत, म्हणजे दोरी ओवायच्या छिद्रापर्यंत, जांभळी लोकर गुंडाळली, वरून चंदेरी तार फिरवली.

"अगं, डोळ्याशी जागा सोड!" आजोबा ओरडले. "शेवटची गाठ काय हवेत मारणार?"

"सोडली की, बाबा!"

"ही जागा? इथे मुंगीसुद्धा बसायची नाही."

तिने सगळे उसवले. पुन्हा गुंडाळले, काळ्या कोंबड्याचे पीस बांधले आणि गाठ मारली. दोघेही माझ्या डोळ्याकडेच बघत होते. माझा काटा तसाच उभा! मी आतल्या आत ओरडत होतो, पण गळाला कुठली आली जीभ?

दुसऱ्या दिवशी नदीत एका स्टीलहेडने मला तोंडात पकडले. मादी होती, पोटात अंडी. हिल्काने तिला काठाशी आणले, मला हळूच मागे ओढले. मी निघेना. जबडा फाटू लागला, पाणी लाल झाले.

"बाबा, काटा दाबला नव्हता तुम्ही?"

"मला वाटलं, तू दाबलास!"

 मग आजोबा गुडघाभर थंड पाण्यात उतरले आणि थरथरत्या हातांनी त्यांनी मादीची शेपूट धरली. "तिचं तोंड पाण्यातच ठेव. टोक पुढे ढकल, बाहेर काढ आणि काटा तोडून टाक. रड नंतर."

हिल्काने पकडीने माझे टोक तोडले. मी सुटलो. मादी थोडा वेळ एका कुशीवर तरंगली, मग खोल पाण्यात गेली. ती जगली का, कोण जाणे! त्या विचाराने अजून माझा जीव थाऱ्यावर नसतो.

"फेकू नकोस याला," आजोबा घरी म्हणाले. "दिसेल असा टांग."

आता नवा गळ शेगड्यात बसला, की मला धडकी भरते. मग हिल्का माझ्याकडे बघते आणि विचारते, "बाबा, काटा?"

मित्रांनो, दुसऱ्याने केले असेल असे धरून चालू नका. एकदा विचारा. त्या दिवशी एवढाच एक शब्द कुणी विचारायला हवा होता.