साहेबांच्या मुठीत मी घट्ट झालो

मी चौदा नंबर बोलतोय. नाकात मारायचा औषधी फवारा. आवाज जरा नाकातून येतोय, चालवून घ्या, धंदाच तसा आहे.

मला बनवणाऱ्या ताई प्रयोगशाळेत काम करतात. त्यांच्या आईला अर्धशिशी आहे. डोकं उठलं की उलट्या, आणि गोळी पोटात टिकायच्या आत परत बाहेर. म्हणून ताई म्हणाल्या, औषध नाकातून देऊ.

बोलायला सोपं. पण नाकाला पाहुणे आवडत नाहीत. आत बारीक केसांचा झाडू सतत चालू असतो. पंधरा-वीस मिनिटांत आलेल्याला घशात ढकलतो. तेवढ्यात भिंतीतून रक्तात शिरायचं. माझा थोरला भाऊ, एक नंबर, पाण्यासारखा पातळ. गेला तसा घशात उतरला. नऊ नंबर इतका घट्ट, की दाबलं तर टूथपेस्ट. औषध सगळ्यांत तेच, फक्त कशात कालवलंय त्यावर सगळा खेळ. तेराही भावंडं बेसिनमध्ये गेली.

मी गार असताना पातळ आणि अंगाची ऊब लागली की घट्ट. म्हणजे धुकं होऊन निघायचं आणि नाकात ठाण मांडून बसायचं. दिसावं म्हणून ताईंनी मला निळा रंगही दिला.

चाचणीला प्लॅस्टिकचं नाक होतं, अंगाइतकं गरम ठेवलेलं. त्याचा साचा ताईंच्या खात्याच्या साहेबांच्या नाकावरून घेतला होता. एवढी ऐसपैस जागा खात्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

"हा शेवटचा," साहेब ताईंना म्हणाले. "नाही जमला तर हे काम बंद."

मग मला मुठीत घेऊन ते दोन शब्द बोलायला उभे राहिले. दोन शब्द चाळीस मिनिटं चालले. मुठीत उकाडा वाढला. मी आतल्या आत घट्ट होत गेलो. सांगणार कसं, तोंडाला टोपण.

शेवटी टोपण काढून त्यांनी मला त्या नाकाशी धरून दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

"संपला विषय. मावशी, हे टाकून द्या."

ताई वहीच्या कोपऱ्याची घडी घालत राहिल्या.

बाटल्या धुणाऱ्या मावशींचा एक नेम. टाकायची बाटलीसुद्धा आधी बाहेरून नळाखाली धुवायची. गार पाणी अंगावरून गेलं आणि माझा जीव हळूहळू पातळ झाला. रिकामी आहे का बघायला मावशींनी दाबलं. त्यांचा चष्मा निळा झाला.

"अहो ताई, हा चालतोय की," चष्मा पुसत त्या म्हणाल्या. "साहेबांच्या हातात एवढा वेळ कोंडलं तर कोणीही थिजेल."

ताई उठल्या ते धावतच. मला टोकाला धरून त्यांनी प्लॅस्टिकच्या नाकात फवारलं. वीस मिनिटं सगळे घशाच्या भोकाखालच्या पांढऱ्या कागदाकडे बघत उभे होते. कागद कोरा राहिला.

"माझं नाक आहेच तसं," साहेब म्हणाले.

आता मी फ्रीजमध्ये असतो. माणसांवरच्या चाचण्या व्हायच्यात. ताईंच्या आई रोज फोनवर विचारतात, "झालं का गं?" ताई म्हणतात, "होतंय, आई."

तुमच्याकडे आलो तर एकच विनंती. फवारल्यावर जोरात ओढू नका, मी घशात जातो. हळू श्वास घ्या, मला बसू द्या.

खोक्यावरच्या सूचना ताईंनीच लिहिल्यात, साहेबांनी न वाचता सही केली आणि कागद छपाईला गेलाय. त्यात शेवटची ओळ आहे: थंड जागी ठेवा. लहान मुलांपासून व भाषणांपासून दूर ठेवा.