दोनशे शब्द आणि एक वाक्य

मला इंग्रजी येत नाही असं हॉटेलवाले म्हणतात. सहा वर्षं मी त्यांच्या खोल्या आवरते. पाहुण्याने एक्स्ट्रा टॉवेल मागितला तर मी त्याला भात नेऊन देत नाही. तरी सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा नोटिशीत लिहिलं : व्हॉकॅब्युलरी टेस्ट. दोनशे शब्दांची यादी, प्रत्येकाची व्याख्या, खाली नमुन्याचं एकेक वाक्य. पन्नास विचारणार, चाळीस आले तर पास.

ही जागा याआधी दोनदा निघाली. दोन्ही वेळा बाहेरून मुली आणल्या. चादरीचा कोपरा कसा मुडपायचा, केस अडकलेली जाळी कशी साफ करायची, हे दोघींना मीच शिकवलं. मग माझ्या रजेच्या अर्जावर त्या सही करायच्या. तिसऱ्यांदा तसं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

आमचं घर गोव्यात, पेडण्याला, हॉटेल मोपाच्या पठाराखाली. माझी शाळा दहावीपर्यंत, तीही मराठीतून. यादी घेऊन बसले आणि डोकं फिरलं. शब्दाहून त्याची व्याख्या अवघड. 'डिलिजंट' म्हणजे कोण, तर जो 'कॉन्शिअन्शस' असतो तो. आता हा कॉन्शिअन्शस कोण? यादीत तो नाही. मोबाईलवर शोधला, तर तिथे लिहिलेलं, डिलिजंट. दाखल्यासाठी या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतात आणि शेवटी पहिल्याच टेबलासमोर उभं करतात, तसलाच प्रकार.

आणि ती वाक्यं. मिस्टर ब्राऊनचा माळी डिलिजंट आहे. मेरी चहाला नेहमी पंक्च्युअल असते. या मेरीला एकदा आमच्या तिठ्यावर सकाळची साडेसहाची बस धरू दे, मग बघू तिचं पंक्च्युअल.

दोन आठवड्यांत माझे अकरा शब्द झाले. बारावा शिकले की पहिला पळायचा. मी यादी फेकून दिली. माझा नवरा सगुण डिचोलीला ट्रक चालवतो, गणपतीच्या चवथीसाठी घरी आला होता. त्याने यादी उचलली.

"आरती तुका कोणी शिकवल्यान गो?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. ऐकून ऐकून आली."

"तिचो अर्थ येता?"

"सगळा नाही येत."

"तरी चुकतंस?"

त्याने घुमट मांडीवर घेतलं. मातीच्या या मडक्याला चामडं लावलेलं असतं, आमच्या आरत्या त्याच्या ठेक्यावर होतात. दहा शब्दांचं एक कडवं, अशी वीस कडवी आम्ही बांधली. एक शब्द, त्याची व्याख्या, मग थाप. शेजारचे गोकुळदासकाका पायरीवर येऊन उभे राहिले.

"ही खंयच्या देवाची आरती गो विनिता?"

"हॉटेलाच्या."

"पावता मां तो?"

"बघू."

पाच दिवसांच्या चवथीत दोनशेच्या दोनशे तोंडात बसले. पण आरतीची खोड मला माहीत होती. ती मधूनच कोणी विचारली तर येत नाही, कडव्याच्या सुरुवातीपासून म्हणावी लागते.

टेस्ट घ्यायला गौरवी मॅडम होत्या, एचआरच्या. त्या फोंड्याच्या, एरवी आमच्याशी मराठीत बोलतात. त्यांनी यादीत कुठेही बोट ठेवायला सुरुवात केली. 'करटिअस' विचारलं, की मी ओठांत चौथं कडवं सुरू करायची आणि शब्द आला की मोठ्याने बोलायची. बोटं आपोआप टेबलावर थाप मारत होती.

"हे काय पुटपुटतेस?"

"शोधते, मॅडम. तुम्ही मोबाईलमध्ये शोधता तसं."

त्या हसल्या. चाळीस शब्द बरोबर आले, मग पंचेचाळीस. शेवटी त्या म्हणाल्या, "व्याख्या पाठ आहेत तुला. आता स्वतःचं वाक्य कर, पुस्तकातलं नको. निग्लिजन्स."

घ्यायची ती काळजी न घेणं. अर्थ मला चोख माहीत होता, कारण माझ्याबरोबर खोल्या आवरणारी सुलोचना माझ्यासमोर पडली होती. मी इंग्रजीत सांगितलं : नोकरांच्या जिन्यावरचा दिवा चवथीपासून बंद आहे. सुलोचना तिथे पडली, तिचा हात मोडला. हे हॉटेलचं निग्लिजन्स आहे.

मॅडमचं पेन थांबलं. "अगं, असं निगेटिव्ह कशाला? माळ्याचं वगैरे काहीतरी सांग."

"आमच्या जिन्यावर माळी नाही पडला, मॅडम."

"पुस्तकातलं सांगितलंस तरी चालेल."

"आत्ताच नको म्हणालात."

मेरी आणि मिस्टर ब्राऊन माझ्या जिभेवर तयार होते. त्यांना पुढे केलं असतं तर जागा मिळाली असती, हे मला त्या खुर्चीत बसूनच कळत होतं. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी सावकाश, त्यांना लिहून घेता यावं म्हणून.

पन्नासपैकी सत्तेचाळीस. आठवड्याने मॅडमनी बोलावलं. जागा बाहेरच्या एका मुलीला दिली होती. "तुझे मार्क छानच आहेत," त्या म्हणाल्या, "पण ॲटिट्यूडही बघतात वर." मग आवाज मऊ केला. "एक काम करशील? खोल्या आवरणाऱ्या बाकीच्या मुलींना ती यादी शिकव. शिफ्टनंतर अर्धा तास. तुझी ती गाण्याची पद्धत फार चांगली आहे. नवीन सुपरवायझरलाही बसव त्यांच्यात."

अठराव्या कडव्यात पहिलाच शब्द आहे, सुपरवाइझ. इतरांच्या कामावर लक्ष ठेवणं आणि ते कसं करावं हे सांगणं. शोधावा लागला नाही, थाप न मारता आला. मी व्याख्या इंग्रजीत म्हणून दाखवली.

"बरोबर आहे मां?"

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग आता या शब्दाचं वाक्य तुम्ही करा. त्यात माझं नाव घाला आणि हॉटेलच्या कागदावर लिहून द्या. त्या दिवसापासून शिकवते."

त्यांनी वर विचारून सांगते म्हटलं. याला महिना होत आला. जिन्यावर दिवा लागला आहे. सुलोचना गळ्यात हात बांधून येते आणि टॉवेलांच्या घड्या घालते. नवीन सुपरवायझर मुलगी रोज स्टोअररूममध्ये यादी घेऊन माझ्याजवळ येते. वाईट नाही पोर. "दीदी, डिलिजंट म्हणजे काय हो?" असं विचारते.

"मॅडमना विचार," मी सांगते, आणि ट्रॉली घेऊन वर जाते. चौथ्या मजल्यावर खोल्या आवरताना वीसच्या वीस कडवी मनातल्या मनात म्हणते, एकही शब्द हलू देत नाही. वाक्य अजून आलेलं नाही.