राधेची चाल

बायको गेल्यावर महिपती भंडाऱ्याकडचं घर बंद करून पुण्याला, वारज्यात मुलाकडे राहायला आला. योगेश खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. बापलेकांत भांडण नव्हतं, पण बोलणंही फारसं नव्हतं. बावीस वर्षं महिपती गावोगावच्या खडी गंमतीत, तिकडच्या लोकनाट्यात, लुगडं नेसून राधा म्हणून नाचला होता. पंचक्रोशी त्याच्यावर जीव टाकायची. या घरात मात्र तो विषय कधी निघाला नव्हता.

एका रविवारी योगेश ऑफिसातल्या तिघांना घेऊन आला. "बाबा, कंपनीचा ॲन्युअल डे आहे. आम्ही चौघं साड्या नेसून नाचणार आहोत. नेसायला शिकवाल? आणि थोडं चालणं..."

महिपतीला ऐकूनही खरं वाटेना. "बसा बाप्पा, बसा," म्हणत त्याने स्वतःच सोफा भिंतीला सरकवला. "पयले मान. मंग डोळे. पाय सगळ्यात मागून. आपल्याले कोन पाहून राह्यलं हे बाईले ठावं असते, पन तिकडं पाहत नाही." पोरं खिदळत होती. महिपती दुपारभर शिकवत राहिला. कित्येक वर्षांनी त्याला कडकडून भूक लागली.

शनिवारी दुपारी तो कडक इस्त्रीचा सदरा घालून कंपनीच्या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसला. चौघं स्टेजवर आले ते छातीत फुगे कोंबूनच. एकाने दुसऱ्याचा पदर ओढला, फुगा फुटला, सभागृह हसून लोळलं. मग योगेश एकटा पुढे आला. कंबर झटकत, मनगटं लुळी सोडत, ओठ चावत तो या टोकापासून त्या टोकाला गेला. शिट्ट्यांनी छत दणाणलं.

"काका, मुलगा जबरदस्त आहे हं तुमचा!" शेजारचे साहेब म्हणाले.

महिपती हसला.

परतताना गाडीत त्याने विचारलं, "मी असा चालत होतो का रे?"

"कॉमेडी होती ती, बाबा."

"मी तुले असं नव्हतं शिकवलं. कोनापासी शिकला?"

सिग्नल सुटला तरी योगेशने गाडी हलवली नाही. मागून हॉर्न वाजू लागले.

"शाळेत. तुमचा खेळ झाला की दुसऱ्या दिवशी पोरं मला असंच चालून दाखवायची. पाचवी ते दहावी. आज तेच मी केलं, तर टाळ्या पडल्या."

"सांगतलं नाही कधी."

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता?"

खोटं बोलावं, असं महिपतीला फार वाटलं. "नसतो थांबलो," तो म्हणाला.

घरी योगेशने तोंड धुतलं. कानापाशी लाली तशीच होती. तो हॉलमध्ये येऊन उभा राहिला. "लाजेने मी तुमच्या खेळाला कधी आलोच नाही. एकदा दाखवा."

महिपती उठला. टॉवेलचा पदर करून डोक्यावर घेतला, मान वळवली. पाऊल उचलणार, तोच त्याला शाळेच्या अंगणात वाकडी चालणारी पोरं दिसली, आणि मधोमध दप्तर धरून उभा असलेला त्याचा योगेश. हजारो डोळ्यांसमोर कधी न अडलेला पाय जागीच अडला.

"आज नाही जमत," म्हणत तो खाली बसला.

योगेश त्याच्याशेजारी फरशीवर बसला. बाहेर सोसायटीतली मुलं खेळत होती.