पॉइंटावरचं विमान

"रफिक, विमान लागतं काय रं?"

पिराजीनं हे विचारलं तेव्हा मी गाडीचं बॉनेट उघडून पाणी बघत होतो. कोल्हापुरात बिंदू चौकाजवळ आमच्या भाड्याच्या गाड्या उभ्या असतात. आजूबाजूचे ड्रायव्हर खो खो हसले.

"विमान कुणाला लागायचं मर्दा? आभाळात काय खड्डं हाईत व्हय?" मी म्हणालो.

"तसं न्हवं. यष्टी लागती, मोटार लागती, बोट लागती म्हणत्यात. मग विमानाचं काय? कुणाला तरी म्हाईत असंल की."

कुणालाच माहीत नव्हतं. उजळाईवाडीच्या विमानतळावर आम्ही सगळे सारखे जातो. पावण्यांना सोडतो, पावण्यांना आणतो. पण काचेच्या दारापर्यंतच. दाराच्या आत काय चालतं याबाबतीत आमचा अख्खा स्टँड ठार अडाणी.

बाकीचे हसत राहिले, मी बॉनेट लावलं. प्रश्न कुणासाठी आहे ते मला ठाऊक होतं.

पिराजी माझा जुना दोस्त. फुलेवाडीत आमची घरं एकाच गल्लीत. त्याचा उभा जन्म स्टेअरिंगवर गेला. गोवा, तिरुपती, शिर्डी, जिथं म्हणाल तिथं त्यानं लोकांना नेलं. आणि त्याची बायको बायडाबाई, तिला गाडी लागते. थोडीथोडकी नव्हे. आजऱ्याहून नवरी होऊन आली तीच ठिकठिकाणी उतरून, मुंडावळ्या एका हातानं सावरत. तेव्हापासून माहेर सोडलं तर ती कुठं गेली नाही, आणि माहेरीसुद्धा ओकत जायची, ओकत यायची. एकदा रेल्वेनं मिरजेच्या लग्नाला निघाली, तर रुकडीलाच उतरून परत आली. जगाला फिरवणाऱ्या माणसाच्या बायकोनं जवळचा पन्हाळासुद्धा पाहिला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता विमानाचा किडा पिराजीच्या डोक्यात शिरला कसा, तेही सांगतो.

गेल्या दसऱ्यानंतर पुण्याचा एक पावणा त्याच्या गाडीत बसला. पन्हाळ्याला जाईपर्यंत फोनवर एकच पाल्हाळ. म्हणे माझ्याकडं प्रवासाचं क्रेडिट कार्ड आहे, खर्च केला की पॉइंट मिळतात, पॉइंट साठले की विमानाचं तिकीट फुकट. पिराजीनं गाडी पन्हाळ्याला नेली, पण कान मागच्या सीटवर ठेवून. आठ दिवसांत हा बाबा बँकेत जाऊन तसलं कार्ड घेऊन आला. निळं, चकचकीत, वर विमानाचं चित्र.

"लेका, वर्षाला फी हाय ह्याला," मी म्हणालो.

"असू दे की. प्रवासाला पॉइंट देत्यात. आणि कोल्हापुरात माझ्यापेक्षा जास्त प्रवास कोण करतंय, सांग बघू!"

मला वाटलं चेष्टा करतोय. छे! त्यानं माझ्यादेखत कार्डाच्या बाईंना फोन लावला आणि म्हणाला, "मॅडम, गाडीचं रीडिंग सांगू काय? लिहून घ्या." बाई बिचारी गोड आवाजाची. तिनं समजावलं, सर, तुम्ही किती किलोमीटर फिरलात त्यावर पॉइंट नसतात, तुम्ही कार्डानं काय विकत घेता त्यावर असतात.

"डिझेल घेतो की. रोज घेतो."

"सॉरी सर, इंधनावर पॉइंट नाहीत."

फोन ठेवून पिराजी कितीतरी वेळ कार्डाकडं बघत बसला. ड्रायव्हरचा खर्च म्हणजे डिझेलच की हो! गाय घरी आणायची आणि दूध तेवढं काढायचं नाही, असला सगळा कारभार. मी पोट धरून हसलो. दुसरा कुणी असता तर कार्ड कात्रीनं कापून मोकळा झाला असता.

पण पिराजीला कुठल्याही गोष्टीचा शेवट बघितल्याशिवाय झोप येत नाही. त्यानं डोकं चालवलं. स्टँडवर कुणाला टायर घ्यायचे असले की हा हजर. "माझ्या कार्डावर घे, पैसे माझ्या हातात दे." कुणाची बॅटरी, कुणाचं सीट कव्हर. मिळालेले पैसे त्याच दिवशी बँकेत नेऊन भरायचा, एक रुपया इकडचा तिकडं नाही. माझी बायको हाफिजा मिक्सर घ्यायला निघाली तर हा कार्ड घेऊन आमच्या आधी दुकानात! दुकानदाराला वाटलं मिक्सर पिराजीच घेतोय, त्यानं पावती त्याच्या नावानं फाडली. हाफिजा अजून त्यावरून मला टोमणे मारते.

"एवढी यातायात कशासाठी रे?" मी विचारायचो.

"बघू तर खरं, खरंच विमान मिळतंय का उगंच बाता हाईत."

असं वर्ष भरत आलं. आणि मग मोनाचा फोन आला.

मोना ही त्यांची एकुलती एक लेक. नवऱ्याबरोबर हैदराबादला असते. जावई विश्वजित कंपनीत आहे, पोरगा गुणाचा. मोनाला दिवस गेले होते, आणि आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. बायडाबाईनं डिंक, अळीव, सगळं जमवून ठेवलेलं. पण डॉक्टरनं सांगितलं, पोरीनं पलंगावरून हलायचं नाही, प्रवास तर अजिबात नाही. मोना फोनवर रडली. म्हणाली, "आई, तूच ये की गं."

बायडाबाईनं फोन ठेवला आणि आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली. हाफिजानं पाणी दिलं ते हातातच राहिलं.

"लेक बोलावती आणि आईला जाता येत न्हाय. काय करायचं ह्या पोटाला? रात्रभर यष्टीत बसलो तर हैदराबादला माझं मढंच उतरंल."

विश्वजित म्हणाला, मी विमानाचं तिकीट काढतो. त्यावर बाई ताडकन उठली. "जावयाच्या पैशानं सासूनं जायचं व्हय? लोक शेण घालतील तोंडात!" मग पिराजी म्हणाला, मी काढतो. त्यावर तर ती आणखी भडकली. "गाडीचं टायर गुळगुळीत झाल्यात आणि मला विमानात बसवताय? एवढा पैसा जाळून मी जाणार न्हाय."

लेकीसाठी जीव तुटत होता, पण स्वतःवर चार पैसे खर्च व्हायचे म्हटलं की तिच्या हातापायाला कुलूप. आमच्या घरोघरच्या बायका अशाच, काय सांगायचं.

पिराजीनं शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं.

"पैसा कोण जाळतंय? हे बघ. पॉइंट हाईत. फुकट."

बायडाबाईनं कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं, विमानाच्या चित्रावरून बोट फिरवलं. "खरंच फुकट? आणि वापरलं न्हाय तर?"

"वाया जात्यात."

"वाया?" बाईचा चेहराच बदलला. वाया जाणारं काहीही तिला सोसत नाही, शिळ्या भाकरीचासुद्धा ती कुस्करा करते. "मग जातो की मी!"

त्याच संध्याकाळी पिराजी आमच्याकडं आला. माझी लेक मेहक कॉलेजात आहे, असली कामं मोबाइलवर झटक्यात करते. तिनं बघितलं, बोटं फिरवली आणि हळूच म्हणाली, "पिराजीकाका, पॉइंट निम्म्या तिकिटालाच पुरतायत."

पिराजीनं कार्ड पालथं घातलं. मग म्हणाला, "उरलेलं पैशानं भर. आणि ह्यातलं गल्लीत काय बोलायचं न्हाय. तुझ्या आईपाशी बी न्हाय."

मेहक आत गेल्यावर माझ्यानं राहवलं नाही. मी मनातल्या मनात हिशेब घातला होता. "पिऱ्या, वर्षाची फी, त्यावरचा कर, आणि हे वरचं पैसं. तेवढ्यात सरळ अख्खं तिकीट आलं असतं, वर मिसळीला उरलं असतं. तोट्याचा धंदा केलास लेका."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

"रफिक, पैशाचं तिकीट असतं तर ती गेली असती व्हय?"

मी त्याला चहा पाजला.

नंतर तो स्टँडवर ज्याला त्याला विचारत सुटला, विमान लागतं का म्हणून. माझ्या बॉनेटपाशी आला तो त्याच दिवसांत. शेवटी विमानातून उतरलेल्या पावण्यांनाच विचारायला लागला. एक म्हणाला, लागतं कधीकधी. दुसरा म्हणाला, छे. तिसरा म्हणाला, सीटच्या खिशात पिशवी असते. पिशवीचं ऐकून पिराजीला धीर आला आणि भीतीही वाटली. लागतच नसतं तर पिशवी कशाला ठेवली असती?

जायच्या दिवशी मी पिराजीच्याच गाडीत मागं डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसलो. बायडावैनी पुढं, नवं लुगडं, हातात लिंबू. निघण्याआधी अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं. "पॉइंटावर चाललोय. आमच्या मालकांनी जमवल्यात." कुणी विचारलं, किती लागले हो? तर मान उडवून म्हणायची, "छदाम न्हाय!" पिराजी टायरला लाथ मारून हवा बघत राहायचा.

गाडी त्यानं अशी चालवली की मागून सायकलवाला पुढं गेला. खड्डा दिसला की थांबल्यासारखी करायची, वळण आलं की हळुवार फिरवायची. तरी शाहू नाक्याजवळ वैनीनं लिंबू नाकाला घट्ट लावलं आणि डोळे मिटले. तिनं काही म्हणायच्या आत पिराजीनं गाडी कडेला घेतली होती. डाव्या दाराच्या कप्प्यात पाण्याची बाटली कायमची असते. तो उतरला, दार उघडलं, तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. रस्त्यावरून गाड्या भर्रकन जात होत्या. इतक्या वर्षांत ह्या दोघांनी हे किती वेळा केलं असेल!

विमानतळावर काचेच्या दाराशी जवानानं तिकीट आणि आधार बघितलं. पिराजी बॅग घेऊन तिच्या मागोमाग निघाला, तर जवानानं हात आडवा केला.

"आपका टिकट?"

"एकच हाय," पिराजी म्हणाला.

वैनी दाराच्या आत उभी. तिनं मागं वळून बघितलं तेव्हा पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. "अवो, मी एकटी?"

"एकटी कुठली, पुढच्या बाईच्या मागनं जा. आणि खिडकीची जागा हाय तुझी, बाहेर बघ. खिशात पिशवी असती. घाबरू नको."

बॅग आणि लाडवांचा डबा घेऊन ती गेली. लुगड्याचा काठ काचेतून थोडा वेळ दिसला.

आम्ही गाडीपाशी आलो. विमान उडालं, डोक्यावरून गेलं, बघता बघता लहान झालं. पिराजीनं गाडीचं दार उघडलं आणि तिथंच थबकला. पुढच्या सीटवर लिंबू पडलं होतं.

"रफिक! लिंबू राहिलं की रं!"

त्या माणसाचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. त्यानं फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. एक पावणा येऊन म्हणाला, जोतिबाला येणार का? जातिवंत ड्रायव्हर भाडं सोडत नाही, पण पिराजीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. लिंबू हातात घेऊन गाडीच्या सावलीत बसून राहिला. मीही बसलो.

शेवटी फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला.

"पोचलो! विश्वजित आल्यात न्यायला."

"लागलं न्हाय न्हवं?"

"कुठलं लागतंय! लिंबाची आठवण बी झाली न्हाय मला." बाईचा आवाज पोरीसारखा झाला होता. "अवो, खिडकीतनं बघतच बसलो. वर गेल्यावर हायवे दिसत हुता, गाड्या मुंगीएवढ्या. म्हटलं ह्यातली एखादी तुमची असंल. लई न्याहाळून बघितलं, पण पांढऱ्याच सगळ्या."

पिराजी लिंबू तळहातावर फिरवत राहिला.

"ऐकताय न्हवं? बाळ-बाळंतिणीचा सव्वा महिना झाल्याबगर मी येणार न्हाय. आणि परतीचं बी पॉइंटावरच हुतंय न्हवं?"

कार्डावर काय उरलं होतं ते मला ठाऊक होतं. शून्य.

"हुतंय की," पिराजी म्हणाला. "लई पॉइंट हाईत. तू पोरीकडं बघ."

फोन ठेवून त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुझं टायर कधी बदलायचं?"

"गेल्या महिन्यातच घातलं की तुझ्या कार्डावर."

"व्हय की," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात फी हाय कार्डाची. भरून टाकतो."

मी ह्या खेपेला हिशेब काढला नाही.

आम्ही निघालो. पुढची सीट मोकळी होती, पण मी आपला मागंच बसलो. पिराजीनं लिंबू समोर काचेपाशी ठेवलं. रस्ता मोकळा होता, तरी गाडी येतानासारखीच हळू. वळण आलं की हळुवार, खड्डा आला की थांबल्यासारखी. शाहू नाका आला तशी त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला, वळसा घालून डावं दार उघडलं आणि कप्प्यातली बाटली काढली.

मग तो तसाच उभा राहिला, हातात बाटली धरून. मी खिडकीतून दुसरीकडं बघितलं. थोड्या वेळानं त्यानं टोपण उघडून स्वतःच दोन घोट पाणी प्यायलं, बाटली जागच्या जागी ठेवली आणि दार हळूच लावलं.